तीन वर्षे दोन महिने

॥ श्री ॥

इंदूर,
ता. ३ जुलै १९५०

ती. ताईस भालचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

इकडील ठीक. खोलीचे छत दोन ठिकाणी गळते, पण बिछाना तिसऱ्या ठिकाणी आहे, म्हणून तक्रार नाही. खानावळवाला डाळीत गूळ घालत नाही आणि विचारले तर ग्वाल्हेरवाले नेहमीच गोड बोलतात असे म्हणतो.

कामाचे लिहितो. एक एप्रिलपासून आपले टेलिफोन खाते दिल्लीकडे गेले हे तुला माहीत आहे. शिंदे सरकारचे आणि होळकर सरकारचे आम्ही सगळे आता एकाच रांगेत उभे आहोत. कोणाला कुठे बसवायचे ते एक छाननी समिती ठरवणार आहे. तिचे दफ्तर ग्वाल्हेरला, आपल्या लष्कर भागातच, जयेंद्रगंजात उघडले आहे. सचिव म्हणून कृष्णराव मुळ्यांना घेतले आहे, दरबारच्या चिटणिशीत तात्यांच्या हाताखाली होते तेच. तिथे आम्ही हजर व्हायचे नाही, फक्त कागद पाठवायचे. शेवटची तारीख वीस ऑगस्ट.

माझ्या नोकरीच्या पुस्तकात ऑक्टोबर १९४२ ते डिसेंबर १९४५ यांच्यासमोर ‘खासगी कारणासाठी रजा’ एवढेच लिहिले आहे. नव्या नियमाने अशी रजा म्हणजे नोकरी तुटली. मग माझी नोकरी जानेवारी ४६ पासून धरतील आणि असिस्टंट इंजिनियरचा लाइन इन्स्पेक्टर करतील. ज्या जयसिंहरावाला मी तारांना कथलाचा डाग द्यायची कावी धरायला शिकवली तो माझा साहेब होईल. त्याला माझी हरकत नाही, मुलगा चांगला आहे. पण ती तीन वर्षे दोन महिने मी युद्ध चुकवून कुठेतरी दडून बसलो होतो, असे लोक बोलतात तेच कागदावर कायमचे लागेल.

त्यावर उपाय एकच. दिल्लीहून परत आलो तेव्हा लाखेची मोहोर असलेला एक तपकिरी लिफाफा तात्यांच्या शिसवी पेटीत मी ठेवला होता. माझ्या नोकरीबद्दल कोणी शंका घेतली तर सरकारी अंमलदाराने तो उघडायचा, असे वर लिहिले आहे. तो न उघडता कृष्णरावांच्या हाती द्यावास.

प्रकृती सांभाळावी. तुझा राग आहे तेवढाच राहू दे, वाढू देऊ नको, ही विनंती.

तुझा,
भालचंद्र


॥ श्री ॥

खासगी बाजार, लष्कर,
ग्वाल्हेर, ता. ७ जुलै १९५०

चि. भालचंद्र यास अनसूयेचे अ. आ.

पत्र पावले. वाईट बातमी आधी सांगते. लिफाफा नाही. मी तो जाळला.

कसा ते ऐक. आपल्या घरचा नियम तुला माझ्याइतकाच पाठ आहे. खंडेनवमीला सरदारांच्या घरी तलवारी पुजतात, आपण चिटणीस म्हणून दौत-लेखणी पुजतो. पूजेच्या आधी, ज्यांचे धनी राहिले नाहीत त्यांच्या कप्प्यातले बंद लखोटे पालथे करायचे आणि वरचे नाव न वाचता जाळायचे. नाव वाचले की कुतूहल येते, आणि कुतूहल असलेल्या माणसाने चिटणिशी करू नये, असे तात्या म्हणत. १९४८ च्या मे महिन्यात दरबारच राहिला नाही. ज्याची गुपिते तो राज्यकारभारच नाही, तर ती ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? त्या खंडेनवमीला मी पेटी पूर्ण रिकामी केली. एकतीस लखोटे होते. एकही उताणा पाहिला नाही.

त्यांत तुझा होता हे मला ठाऊक नव्हते. तू सांगितले नाहीस. का सांगितले नाहीस तेही जाणते. तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हते. चूक माझी आहे, पण एकटीची नाही.

आता कामाचे. लिफाफ्यात कोणाची सही होती आणि तो माणूस कुठे आहे ते कळव. नक्कल मागवता येईल. इंग्रजी पत्र मी लिहीन, तुझे इंग्रजी विजेच्या लोकांचे आहे.

शाळा नव्या शिक्षण खात्याकडे गेली. सगळे फॉर्म हिंदीत आले आहेत. सत्तावीस वर्षे मी इथे ‘बाई’ होते, एका सर्क्युलरने ‘बहनजी’ झाले. पाटणकर बाजारातला कागदवालासुद्धा आता तसेच म्हणतो आणि पूर्वीपेक्षा पातळ कागद देतो.

छताला डांबर लाव. लोभ ठेवणे न ठेवणे तुझ्याकडे.

अनसूया चिटणीस


॥ श्री ॥

इंदूर,
ता. १२ जुलै १९५०

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. तुला दोष देत नाही. पेटीचा नियम मला माहीत होता. पेटी कधी पूर्ण रिकामी होईल हे मात्र डोक्यात आले नाही. ग्वाल्हेर दरबार संपेल असे कोणाच्या डोक्यात होते?

नक्कल मिळणार नाही. सही करणारा अधिकारी विलायतेला परत गेला. ज्या दफ्तरात मी होतो ते उठले. तिथले कागद १९४५ च्या सप्टेंबरात जाळले. टोपल्या भट्टीपर्यंत नेणाऱ्यांत मीही होतो.

याहून जास्त सांगता येत नाही. मी सही करून दिली आहे, आणि ती सही युद्धाबरोबर संपत नाही. कृपा करून कुठे चौकशी करू नको, कोणाला पत्र घालू नको.

डांबर लावले. आता तिसऱ्या ठिकाणी गळते.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
भालचंद्र


॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर,
ता. १६ जुलै १९५०

चि. भालचंद्र यास अ. आ.

पत्र वाचले. तीनदा वाचले, तरी त्यात काही नव्हते.

मला आता जुने बोलावे लागेल. ११ मार्च १९४४ ला तात्या गेले. त्याच दिवशी मी स्वतः तारघरात जाऊन तुला तार केली. तू तेराव्याला उगवलास. अग्नी महिपतरावाने दिला. चुलतभाऊ असून त्याने दिला, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत तो ते ऐकवतो. तार उशिरा मिळाली असे तू म्हणालास. तारेच्या खात्यातल्या माणसाला तार उशिरा मिळते, यावर लष्करात कोणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. ज्या बापाने एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला सोवळ्यात न बसवता पुण्याला कॉलेजात घातले, सगळ्या आळीशी भांडून, त्याच्या चितेपाशी मुलगा नव्हता. हे मी विसरले नाही आणि तू विसरलास असेही मला वाटत नाही.

मी समितीसाठी विचारत नाही. तुझी जागा कुठली ते समिती ठरवील. पण मी माझ्या हाताने काय जाळले ते मला कळले पाहिजे. बंद लखोटा जाळण्याचा नियम परक्यांच्या गुपितांसाठी आहे. तू परका असशील तर तसे लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

इकडे सर्व यथास्थित. ममता दाखवण्याची माझी रीत तुला ठाऊक आहे.

अनसूया चिटणीस


॥ श्री ॥

इंदूर,
ता. २४ जुलै १९५०

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चार दिवस विचार केला. सांगतो. तपशील देतो, कारण तपशिलाशिवाय तुझा विश्वास बसत नाही. पानांवर आकडे घातले आहेत आणि प्रत्येक पानाखाली सही केली आहे. ती दफ्तराची सवय.

ऑक्टोबर १९४२ मध्ये दिल्लीहून मागणी आली की दरबारच्या टेलिफोन खात्यातला एक इंजिनियर द्यावा. काम सांगितले नाही. मला रजेचा अर्ज लिहायला लावला आणि कारण ‘खासगी’ घालायला सांगितले. दिल्लीबाहेर एका टेकडीवर बराकी होत्या. माझा पास नंबर ४१७. दुसरी बराक, खोली अकरा. वरिष्ठ मेजर प्रिचर्ड.

जपान्यांचे बिनतारी संदेश तिथे पकडत. चार-चार आकड्यांचे गट, नुसते आकडे. ते पाठवताना जपानी लोक किल्लीच्या वहीतले आकडे त्यांत मिसळत, म्हणून वाचता येत नसत. पण वही केवढी असणार? कधीतरी दोन संदेशांना वहीचे तेच पान वापरले जाई. असे जोडीचे संदेश सापडले की उकल सुरू होई. सापडायचे कसे ते तुला सांगायला नको. दोन मुलींनी एकमेकींचे पाहून लिहिले हे तू कसे ओळखतेस? दोघींच्या पेपरांत तीच खूण त्याच ओळीला येते. फरक इतकाच की तुझ्याकडे चाळीस पेपर, तिथे चाळीस हजार. दीडशे माणसे लांब टेबलांवर कागदाशेजारी कागद सरकवत बसत. एका दिवसाच्या संदेशांना तीन दिवस लागत.

मी टेलिफोनचा माणूस. आपल्या एक्स्चेंजमध्ये नंबर फिरवला की स्विच टकटक करत पुढे सरकतो आणि नेमक्या जागी थांबतो. मला वाटले, जो स्विच नंबर शोधतो तो जोडी का शोधणार नाही? नवे सामान मिळत नव्हते. लष्करचे जुने एक्स्चेंज बदलले तेव्हाचे भंगार मी पत्र घालून मागवले. त्या स्विचांची पाचवी ओळ जळालेली होती, कारण तुला आठवत असेल, ३९ साली एक्स्चेंजवर वीज पडली होती. म्हणून मी पाचवी ओळ रिकामी सोडली आणि सगळी जोडणी चौथीवरून सहावीवर नेली. दोन संदेश भोके पाडलेल्या पट्ट्यांवर चढवायचे, यंत्र एकेक गट सरकवून पाही, तीच खूण त्याच जागी आली की घंटा वाजे. हवा दमट झाली की ते खोटे बोले, तेव्हा खाली कोळशाची शेगडी ठेवत असू. ९ फेब्रुवारी १९४४ ला ते सलग सहा तास चालले. तीन दिवसांचे काम चाळीस मिनिटांत.

त्या संदेशांत काय असे ते आम्हाला कधी सांगितले नाही. घंटा वाजली की कागद पुढे जाई आणि दार बंद होई. कोणाचा जीव वाचला की कोणाचा गेला, मला ठाऊक नाही.

मार्चमध्ये जपानी मणिपूरच्या दिशेने निघाले. टेकडी बंद केली. आत गेलेले बाहेर नाही, बाहेरचे आत नाही. खासगी तारा फाटकावर तपासणीला पडून राहत. तुझी तार मला वीस तारखेला मिळाली. नऊ दिवसांनी. ज्या शिपायाने दिली त्याने ती चहा मागवायच्या कागदांत ठेवली होती. प्रिचर्डने तीन दिवसांनंतर सोडले. हे सांगायचीही मुभा नव्हती, म्हणून उशीर झाला एवढेच म्हणालो.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. जोडतारा बदलल्या की तेच यंत्र बेरीज करी, आकडा लक्षात ठेवी, दोन आकड्यांतला मोठा निवडी. म्हणजे ते एका कामाचे यंत्र नव्हते. जे काम नेमून द्यावे ते करणारे यंत्र होते. मी चाळीस पानांचे टिपण लिहिले. प्रिचर्डने ते टाइप करायला नेले. परत आले नाही. ४६ साली मी दरबारला सुचवले की खानेसुमारीचे तक्ते करायला असे यंत्र बांधू. आपल्याकडे कारकून पुष्कळ आहेत, असे उत्तर आले.

गेल्या महिन्यात इथल्या कॉलेजच्या वाचनालयात विलायतेचे एक मासिक चाळत होतो. एका कंपनीच्या नव्या गणकयंत्राचे छायाचित्र होते, शेजारी प्रिचर्ड उभा, खाली ‘कल्पना व आराखडा’ म्हणून त्याचे नाव. यंत्र चकचकीत, सगळे स्विच कोरे. पाचवी ओळ रिकामी.

लिफाफ्यात काय होते ते आता सांगतो. प्रिचर्डने लिहिले होते की हे यंत्र माझे आहे. जाताना त्याने एवढे केले होते. वाईट माणूस नव्हता. नंतर विसरला असेल.

हे तुझ्यासाठी. समितीला किंवा कोणालाही दाखवू नको.

पाठ दुखते म्हणून आटोपते घेतो. तुझे आशीर्वाद असू देत, रागासह असले तरी.

भालचंद्र


॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर,
ता. १४ ऑगस्ट १९५०

चि. भालचंद्र यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हते. तुझे पत्र वाचून शाळेत गेले आणि पहिल्या तासाला काय शिकवायचे ते आठवेना. मुलींना निबंध लिहायला दिला. सत्तावीस वर्षांत असे पहिल्यांदा झाले.

पाचव्या ओळीबद्दल मला काही समजावायची गरज नाही. पाहून लिहिणारी मुलगी चूकही उतरवते.

तुला सहा वर्षे एक गोष्ट सांगितली नाही. शेवटच्या दुपारी तात्या तीनदा विचारत होते की भाल्या कुठे आहे. मी म्हटले, येतो आहे. तिसऱ्यांदा ते म्हणाले की येत नसेल तर काम असेल, त्याला बोलू नका. मी नंतर तेच केले, फक्त त्यांनी सांगितले त्या अर्थाने नव्हे. हे वाक्य तुझे होते. मी ते रागाने ठेवून घेतले.

आता समितीचे. तू मनाई केली होतीस तरी शनिवारी मी कृष्णरावांकडे गेले. पत्र पिशवीत होते. दाखवायचे की नाही हे घरून निघताना ठरवले नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, शिपायाला बहनजींसाठी चाय लाव म्हणून सांगितले, मग स्वतःच हसून म्हणाले की दिवसभर हिंदीत टिपणे लिहून मराठी जिभेवरून उतरत चालले आहे. तात्यांनी त्यांना मसुदा कसा लिहायचा ते शिकवले होते, याची आठवण काढली. तुझी फाईल त्यांनी मला दाखवली नाही, पण उघडून समोर ठेवली आणि खिडकीकडे पाहत राहिले. सभ्य माणूस आहे.

ते म्हणाले की जयसिंहरावाची फाईल भरलेली आहे, भालचंद्राच्या फायलीत तीन वर्षे कोरी. कुठल्या दफ्तरात होता आणि वरिष्ठ कोण, एवढे एका कागदावर मिळाले तर पुरे. मोहोरेचा कागद नसला तरी चालेल. खुद्द त्याच्या हातचे, तारखा घालून सही केलेले असले तरी ते दिल्लीला पाठवून खातरजमा करून घेतील. मग त्यांनी मला सरळ विचारले, ताई, असा कागद घरात आहे का?

मी म्हटले, नाही.

पिशवी मांडीवर होती. चहा प्याले आणि उठले. कृष्णराव दारापर्यंत सोडायला आले तेव्हा पुन्हा म्हणाले की वीस तारखेपर्यंत वाट पाहीन.

मी खोटे बोलले ते तुझ्या शब्दासाठी. तू सांगितलेस दाखवू नको, मी दाखवले नाही. एकदा तुझा कागद मी न विचारता घालवला. दुसऱ्यांदा तुझ्या इच्छेविरुद्ध वापरणार नव्हते. बरोबर केले की नाही ते तू सांग. मला वाटते बरोबर केले.

तुझ्या पाठीला एरंडेल चोळ. माझा तुझ्यावरचा राग गेला आहे. त्या जागी काय ठेवायचे ते अजून कळत नाही.

अनसूया


॥ श्री ॥

इंदूर,
ता. १० सप्टेंबर १९५०

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. मी लाइन इन्स्पेक्टर. नोकरी १ जानेवारी १९४६ पासून. नेमणूक शिवपुरीला, तिथल्या तारा जंगलातून जातात आणि माकडे झोके घेतात म्हणून रोज तुटतात. हुकुमावर जयसिंहरावाची सही आहे. तो स्वतः हुकूम घेऊन आला आणि माझ्या खोलीत पाऊण तास मान खाली घालून बसला. शेवटी मीच त्याला विनोद सांगितला. तो हसला नाही. मला ‘सर’ म्हणाला आणि मग ते बरोबर नाही हे लक्षात येऊन उठून निघाला.

तू विचारले आहेस, बरोबर केले का. खोटे लिहिणार नाही.

ताई, त्या पत्रावर मी पास नंबर घातला. खोलीचा नंबर, वरिष्ठाचे नाव, तारखा. प्रत्येक पानाखाली सही. दफ्तराची सवय म्हणालो, पण बहिणीच्या पत्राला पानागणिक सही कोण करतो? सगळे लिहून झाल्यावर शेवटी दाखवू नको असे लिहिले. मनाई करणे माझे काम होते, कारण शपथ मी घेतली होती. मनाई मोडणे तुझे काम होईल असे मी मनात धरून बसलो. तू माझ्यावर चिडलेली, कोणाचे न ऐकणारी, तात्यांचेही न ऐकणारी. तू ते पत्र कृष्णरावांच्या टेबलावर आपटशील आणि नंतर मला दोन पाने झापशील, असे मला वाटले होते. वीस तारखेपर्यंत रोज टपालाची वाट पाहिली. पावसाने गाड्या अडकल्या होत्या, तुझे पत्र एकवीसला आले की दाखवले नाही.

दाखवले असतेस तर शिक्षा झाली असती का? झाली असती कदाचित. खटल्यात निदान मी कुठे होतो ते कोणीतरी मोठ्याने वाचले असते.

तुला दोष देत नाही, हे मागेही लिहिले होते. तेव्हा ते सोपे होते. आता लिहिताना जरा थांबावे लागते, पण लिहितो. तू माझा शब्द पाळलास. तो शब्द मी मनापासून दिला नव्हता, हे तुला कसे कळावे? आपल्या घरात कोणी मागत नाही. मलाही मागता आले नाही.

तात्यांचे वाक्य मिळाले. ते एकच मी बरोबर घेऊन जातो आहे.

१५ ला शिवपुरीला हजर व्हायचे आहे. पत्ता कळवीन. तुझे आशीर्वाद जंगलातही पोचतात असे समजून,

भालचंद्र


॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर,
ता. २१ सप्टेंबर १९५०

चि. भालचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट जयेंद्रगंजात गेले. या वेळी पत्र हातातच धरले होते. बंगल्याला कुलूप नव्हते, पण आतली टेबले एकावर एक उलटी रचलेली होती. एक शिपाई सुतळी गुंडाळत बसला होता. त्याने हिंदीत सांगितले की बहनजी, कमिटी तो उठ गई, सगळ्या फायली पेट्यांत भरून मंगळवारी दिल्लीला गेल्या, साहेब पण गेले. मी विचारले की मागाहून कागद द्यायचा असेल तर? तो म्हणाला की मागाहूनचे सगळे असेच येतात, आणि बोट दाखवले. ओट्यावर आणखी तिघे बसलेले होते, हातांत कागद घेऊन. मी थोडा वेळ त्यांच्याशेजारी उभी राहिले. मग घरी आले.

कृष्णरावांना दिल्लीच्या पत्त्यावर लिहिले होते. तुझी परवानगी विचारली नाही, हे या वेळी तुझ्या मनासारखे झाले असेल. त्यांचे उत्तर आले. समितीचा निर्णय अंतिम, फेरविचाराची तरतूद नाही, आणि अशा स्वरूपाचा मजकूर आता वर पाठवला तर त्याचा उपयोग फक्त तुझ्याविरुद्ध होईल. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे की त्या शनिवारी दिला असतात तर. एवढेच. वाक्य पुरे केलेले नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देते. तू माझ्याकडे मागायला हवे होतेस. आणि मला कळायला हवे होते. पाहून लिहिलेला पेपर मी दुरून ओळखते, आणि माझ्याच भावाने पानागणिक सही का केली हे मला कळले नाही. मुलींना मी सांगत आले की लिहिले आहे तेवढेच वाचा, जे लिहिले नाही ते कल्पू नका. चांगला नियम आहे, परीक्षेसाठी.

काल शांताताईंकडे गणपतीच्या आरतीला जावे लागले. पाटणकर बाजारातल्या सगळ्या बायका होत्या, बाहेर पुरुष. महिपतरावाने बातमी आधीच पोचवलेली होती. शांताताईंनी सगळ्यांसमोर विचारले की भालचंद्राला आता खांबावर चढावे लागते का, पन्नाशीच्या आतच आहे म्हणून बरे. हसणे झाले. मग त्या म्हणाल्या की युद्धाच्या वेळी जरा दिसला असता तर आज ही वेळ आली नसती, कुठे दडला होता कोण जाणे.

मी म्हटले, तो कुठे होता ते मला ठाऊक आहे.

मी असे काही बोलेन अशी कोणाची अपेक्षा नव्हती, इतकी वर्षे मीच मान फिरवत आले होते. शांताताई म्हणाल्या, मग सांगा ना ताई, आम्हालाही कळू दे. बाहेरून महिपतरावही दारात येऊन उभा राहिला. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि माझ्या जिभेवर सगळे तयार होते, टेकडी, घंटा, तार, नऊ दिवस. एका दमात म्हणता आले असते.

मी म्हटले, सांगणार नाही.

मग पुन्हा कुजबुज सुरू झाली, आधीपेक्षा जास्त. महिपतरावाने कोणाला तरी डोळा घातला. माझ्यापुढे प्रसादाचे ताट आले, ते मी पुढे दिले. घरी येऊन तुझे पत्र पुन्हा वाचले. मी एका संध्याकाळी एकदा गप्प राहिले. तू आठ वर्षे राहिलास, माझ्यासमोरसुद्धा.

शिवपुरीची मोटर शुक्रवारी इथे येते असे चौकशी करून आले. तुला रजा मिळेल तेव्हा ये. मी काही विचारणार नाही, आणि तुला काही हवे असेल तर तू मागायचे आहेस, तोंडाने, स्पष्ट शब्दांत. त्याशिवाय मला समजत नाही.

तुझी,
ताई